नाशिकच्या द्राक्षांना ब्रिटनमध्ये मिळतं ते संरक्षण पुण्यात का नाही?

मोठ्या सुपरमार्केटांनी पुरवठादारांशी कसं वागायचं, याची ब्रिटनमध्ये एक संहिता आहे. ‘ग्रोसरीज सप्लाय कोड ऑफ प्रॅक्टिस’ हे तिचं नाव. फेब्रुवारी २०१० पासून ती लागू आहे. पुरवठादार जगात कुठेही असला तरी तिचं संरक्षण त्याला मिळतं, असं तिच्यात स्पष्ट लिहिलंय. अट एवढीच, की माल थेट सुपरमार्केटला दिलेला असावा आणि तो ब्रिटनमध्ये विकण्यासाठी असावा. म्हणजे दिंडोरी-निफाडच्या एखाद्या शेतकरी कंपनीने ब्रिटनमधल्या बड्या सुपरमार्केट साखळीला थेट द्राक्षं दिली, तर सौदा ठरल्यावर मागच्या तारखेने अटी बदलायच्या नाहीत, पैसे रखडवायचे नाहीत, दुकानातून माल चोरीला गेला म्हणून बिलातून कापायचं नाही, ही बंधनं त्या साखळीवर येतात. त्याच बागेतला दुसरा ट्रक पुण्या-मुंबईतल्या सुपरमार्केटकडे वळला, की समोरच्यावर अशी कुठलीही संहिता नाही. द्राक्षं तीच, शेतकरी तोच. हे मला मान्य होत नाही, म्हणून हा लेख.

मी इथे इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये सॉस आणि लोणची बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीचे हिशेब पाहते. माल सुपरमार्केटला जातो, त्यामुळे या संहितेची कलमं माझ्या रोजच्या कामाचा भाग आहेत. भावावरून होणारी घासाघीस सगळ्यांना दिसते. पुरवठादाराचं खरं रक्त आटतं ते बिल पाठवल्यानंतर. जाहिरातीचा वाटा म्हणून काही कापलं जातं. माल कमी भरला म्हणून डेबिट नोट, म्हणजे बिलातून रक्कम वजा केल्याची सूचना, येते, आणि तो खरंच कमी होता की त्यांच्या गोदामात मोजताना चुकलं, हे सिद्ध करायची जबाबदारी आपली. साखळीने सणासाठी मागणीचा अंदाज भलताच वाढवून दिला आणि माल पडून राहिला, तर तो कोणाच्या गळ्यात? सर्वांत भीती वाटते ती शेल्फवरून काढून टाकण्याची. फक्त त्या ग्राहकासाठी यंत्र घेतलेलं असतं, माणसं ठेवलेली असतात, आणि एका ईमेलमध्ये सगळं संपू शकतं. संहिता या प्रत्येक गोष्टीवर काही ना काही म्हणते. काढून टाकायचं असेल तर धंद्याचंच खरं कारण लागतं, लेखी आणि पुरेशा मुदतीची सूचना लागते.

ही संहिता कोणाच्या दयेतून आली नाही. २००८ मध्ये इथल्या स्पर्धा आयोगाने किराणा बाजाराची लांबलचक तपासणी पूर्ण केली. मोठ्या साखळ्या आपली जोखीम आणि अनपेक्षित खर्च पुरवठादारांवर ढकलतात, त्यामुळे पुरवठादार नव्या गोष्टींत पैसा घालायचं थांबवतात आणि शेवटी तोटा ग्राहकाचाच होतो, असा निष्कर्ष त्यातून निघाला. ‘अशा नियमांनी महागाई वाढेल’ असं आपल्याकडे कोणी म्हटलं, की मी या निष्कर्षाकडे बोट दाखवते.

पण संहिता आली तरी पहिली काही वर्षं तिचा धाक बसला नाही. तक्रार करायची म्हणजे ज्याच्या जिवावर कंपनी चालते त्याच्याशी उघड भांडण घ्यायचं. ते कोण घेणार? म्हणून २०१३ मध्ये वेगळा कायदा करून ‘ग्रोसरीज कोड ॲडज्युडिकेटर’, म्हणजे संहिता पाळली जाते का ते पाहणारा पंच, हे पद निर्माण झालं, आणि क्रिस्टीन टेकन या पहिल्या पंच झाल्या. पंच म्हणजे फार मोठं खातं नव्हे. मोजकी माणसं, आणि त्यांचा खर्च सुपरमार्केटांकडूनच वसूल केला जातो. तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवायचं बंधन कायद्यातच आहे. टेस्को या बड्या साखळीने पुरवठादारांचे पैसे अवाजवी काळ रखडवले, असा अहवाल पंचांनी जानेवारी २०१६ मध्ये दिला. एका पुरवठादाराचे लाखो पौंड भावाच्या चुकीच्या नोंदीमुळे अडकले होते आणि चूक लक्षात आल्यावरही ते परत मिळायला वर्षाहून जास्त लागलं, असं त्यात नोंदवलंय. दंड मात्र झाला नाही, कारण ब्रिटनमधल्या उलाढालीच्या एक टक्क्यापर्यंत दंड करायचा अधिकार २०१५ मध्ये आला आणि वागणूक त्याआधीची होती. २०१९ मध्ये को-ऑप या साखळीवर ठपका आला, माल काढून टाकताना पुरेशी सूचना न दिल्याचा आणि एकतर्फी शुल्क लावल्याचा. जून २०२५ मध्ये पैसे उशिरा देण्याच्या संशयावरून ॲमेझॉनची चौकशी सुरू झाली. पुरवठादारांची दरवर्षी पाहणी होते. २०१४ च्या पाहणीत ७९ टक्क्यांनी संहितेशी संबंधित अडचण आल्याचं सांगितलं होतं, २०२१ मध्ये हा आकडा २९ वर आला. नंतर महागाईच्या काळात तो पुन्हा वाढला, हेही सांगायला हवं.

आता आपल्याकडची चर्चा पाहू. २०१२ मध्ये बहुब्रँड (अनेक ब्रँडचा माल एकत्र विकणाऱ्या) किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकीय गुंतवणुकीला परवानगी मिळाली, तेव्हा वाद झाला तो ‘परदेशी साखळ्यांना आत घ्यायचं की नाही’ यावर. २०२० च्या कृषी कायद्यांच्या वेळी वाद बाजार समितीच्या आत की बाहेर यावर. आता वितरक आणि किराणा दुकानदार क्विक कॉमर्सच्या (मिनिटांत घरपोच माल देणाऱ्या ॲपच्या) विरोधात भारताच्या स्पर्धा आयोगाकडे गेले आहेत आणि वाद आहे तो ॲपवाल्यांना आवरायचं की नाही यावर. दरवेळी आपण दारात कोणाला उभं करायचं यावरच भांडतो. आत आलेल्याने माल घेतल्यावर कसं वागायचं, हा प्रश्न मागेच राहतो. टेस्को टाटांच्या ट्रेंटबरोबर भागीदारीत भारतात आली. त्या वेळी अटी ठरल्या त्या गुंतवणूक किती आणि लहान उद्योगांकडून खरेदी किती, अशा. ज्या नियमांना ती मायदेशी बांधलेली होती, ते नियम इथेही लावा, अशी मागणी जोरात झाल्याचं मला आठवत नाही.

२०२० च्या कायद्यात वाद प्रांताधिकाऱ्याकडे न्यायची सोय होती आणि दिवाणी न्यायालयाचा मार्ग बंद केला होता. त्यावर टीका झाली, आणि ती रास्तच होती. पण मग पंच कसा असावा, त्याला बाजारातलं काय कळायला हवं, यावर पुढे बोलणंच झालं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे मागे घेतले गेले आणि हा विषयही त्यांच्याबरोबर गेला.

‘आपल्याकडे कायदे आहेतच की’ असं मला गावाकडचे नातेवाईक ऐकवतात. आहेत, आणि त्यातले काही ब्रिटनपेक्षा कडक आहेत. उसाची एफआरपी (केंद्राने ठरवलेला किमान भाव) १४ दिवसांत द्यायची, नाही दिली तर १५ टक्के व्याज. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायचे, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आणि आता आयकर कायद्यातल्या तरतुदीमुळे मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट खरेदीदाराला त्या वर्षी मिळत नाही. चांगलंच आहे. पण हे सगळे नियम पैसे कधी द्यायचे यावर आहेत. ४५ व्या दिवशी पैसे आले आणि त्यातून जाहिरात, तूट, परत आलेला माल असं करत मोठा तुकडा कापलेला असला, तर? शिवाय लघु उद्योगांच्या थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे जायचं तर आपल्या नावाने जायचं. पुढची ऑर्डर कोण देणार? आणि पीक पिकवणारा शेतकरी लघु उद्योगांच्या ‘उद्यम’ नोंदणीत बसतच नाही. स्पर्धा कायद्यात समोरचा बाजारावर वर्चस्व असलेला आहे हे आधी सिद्ध करावं लागतं. देशाच्या एकूण किराणा बाजारात कुठल्याही साखळीचा वाटा लहानच दिसतो. पण ज्याच्या मालापैकी अर्धा माल तीच साखळी घेते, त्याच्यासाठी ती सर्वशक्तिमान असते.

ब्रिटनचं सगळं उचला, असं मी म्हणत नाही. संहिता भाव ठरवत नाही. उत्पादन खर्च न निघणारा भावही तिच्या नियमांत बसू शकतो. त्याहून मोठी उणीव म्हणजे ती फक्त थेट पुरवठादाराला लागू आहे. पॅकिंग करणाऱ्याला किंवा दूध डेअरीला माल देणारा शेतकरी तिच्या बाहेर राहतो. इथल्या शेतकऱ्यांनी यावर एक लाखाहून जास्त सह्या गोळा केल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये संसदेत चर्चा घडवून आणली. त्याच वर्षी जुलैत दुधाच्या करारांसाठी वेगळे नियम लागू झाले, आणि दूध घेणाऱ्याला भाव कसा ठरतो हे करारात लिहिणं भाग पडलं. आपल्या दूध उत्पादकांनी हे नियम मुळातून वाचावेत. महाराष्ट्रात तर बराचसा शेतमाल व्यापारी किंवा संकलन केंद्रामार्फतच साखळीपर्यंत जातो. आपण ब्रिटिश मसुदा जसाच्या तसा घेतला, तर ज्याच्यासाठी करायचं तोच बाहेर राहील. साखळीवर जी बंधनं, तीच तिच्यासाठी खरेदी करणाऱ्या मधल्या माणसावरही हवीत.

‘अजून घाई काय, आपल्याकडे बहुतेक किराणा वाण्याकडूनच जातो’ हा दुसरा आक्षेप. याच कारणाने आज हे करणं सोपं आहे. ब्रिटनमध्ये नियम आले तेव्हा साखळ्या इतक्या वाढल्या होत्या की पुरवठादारांच्या मनात भीती घर करून बसली होती. ती घालवायला पंच नेमावा लागला, आणि ती अजूनही पूर्ण गेलेली नाही. राज्यातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांची आज साखळ्यांशी आणि ॲपवाल्यांशी पहिलीवहिली बोलणी चालू आहेत. सवयी पडायच्या आहेत.

संहिता कोणाला लागू होईल यासाठी उलाढालीची मर्यादा किती कोटींवर ठेवायची, पंच केंद्राने नेमायचा की पणन खातं हाती असलेल्या राज्याने, यावर वाद जरूर व्हावा. ब्रिटनने ही मर्यादा वर्षाला शंभर कोटी पौंडांच्या किराणा उलाढालीवर ठेवली, आणि आज १४ साखळ्या तिच्यात येतात; आपल्याला ती बरीच खाली आणावी लागेल. अटी लेखी द्यायच्या, याला फारसा विरोध होईल असं वाटत नाही. खरा विरोध होईल तो तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवण्याला आणि पंचाने स्वतःहून चौकशी सुरू करण्याला. मसुदा करताना हीच दोन कलमं आधी लिहून घ्यावीत, बाकीचं नंतर.