किंमत इनबॉक्समध्ये कशाला? पोस्टमध्येच लिहा की!

परवा रात्री एका ग्रुपवर एका ताईंची शेवयांची पोस्ट बघितली. हातशेवया, काठीवर वाळत घातलेल्या, फोटो इतका सुंदर की बघूनच खीर करावीशी वाटली. खाली साठ-सत्तर कमेंट आणि त्यातल्या निम्म्या एकच, "किंमत?" आणि प्रत्येकीला ताईंचं उत्तरही एकच, "इनबॉक्स केलंय बघा". मी पण विचारलं, मला खरंच एक किलो हव्या होत्या. सकाळी उठून बघते तर काही नाही, मेसेज रिक्वेस्टमध्ये पण शोधलं (ओळख नसलेल्या माणसाचा मेसेज तिथे जाऊन पडतो आणि कित्येकांना तो कप्पा माहीतच नसतो), तिथेही नाही. मग दुपारी आमच्या पेठेतल्या एका मावशींकडून घेऊन आले. ताईंचं एक गिऱ्हाईक गेलं आणि त्यांना ते कळलंही नाही. म्हणून हे लिहितेय. राग अजिबात नाही, कारण पहिली तीन वर्षं मी स्वतः हेच करत होते.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, आमचा कराडला कांदा लसूण मसाल्याचा घरगुती धंदा आहे. सासूबाई कितीतरी वर्षं गल्लीत आणि पाहुण्यारावळ्यांत मसाला करून द्यायच्या, २०१८ ला मी पेज काढलं आणि ऑर्डरी बाहेरगावच्या यायला लागल्या. तेव्हा मी भाव कधीच लिहायचे नाही. का, तर एक म्हणजे भीती, आपला भाव बघून दुसरी कोणीतरी वीस रुपये कमी लावेल. दुसरं, दुकानातल्या पाकिटाशी लोक तुलना करतील आणि निघून जातील, त्यापेक्षा आधी बोलावं, मसाला कसा करतो ते सांगावं, मग भाव सांगावा. आणि तिसरं म्हणजे कोणीतरी सांगितलं होतं की कमेंट जितक्या जास्त तितका रीच जास्त (म्हणजे पोस्ट तितक्या जास्त लोकांना दिसते), म्हणून भाव लपवायचा, लोक विचारतील, पोस्ट पळेल.

ते रीचचं तर मला आता पटतच नाही. कमेंट करा, टॅग करा, शेअर करा असं मागून घेणाऱ्या पोस्टी आम्ही खाली ढकलणार, असं फेसबुकनेच डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर केलं होतं आणि पुढच्याच महिन्यात सांगितलं की पेजपेक्षा मित्रांच्या, घरच्यांच्या पोस्टी लोकांना आधी दिसतील. म्हणजे मी पेज काढलं त्याच्या आधीच हे सगळं झालेलं होतं! आणि समजा पळाली पोस्ट, तर "किंमत?" विचारून गेलेली बाई आणि मसाला घेतलेली बाई यात फरक आहे ना? माझ्या साठ कमेंटमागे पाच-सहा ऑर्डरी यायच्या. बाकीच्यांना मी तोच मेसेज परत परत पाठवत बसायचे, मसाल्याचा सीझन मार्च ते मे, बाहेर मिरची उन्हात, आत कांदा-लसूण तळायला घेतलेला, हाताला तिखट लागलेलं आणि त्या हाताने मी फोन घेऊन "ताई, किलोला इतके, अर्धा किलोला इतके" टाइप करतेय. सासूबाई एकदा म्हणाल्या, "अगं खोबरं करपतंय तिकडं, आधी ते बघ." करपलंच होतं. अख्खी कढई टाकून द्यावी लागली.

पण खरं जे घडलं ते वेगळंच आहे आणि ते सांगायला मला आजही जड जातं. भाव लिहिलेला नसला की आपण माणूस बघून भाव सांगायला लागतो. मी सांगत होते. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक असलं की थोडा जास्त, इकडचं जवळचं असलं की कमी, मनाला समजावायचे की त्यांना परवडतं. २०२१ च्या उन्हाळ्यात एकाच घरातल्या दोघी जावांनी माझ्याकडून मसाला घेतला, एक साताऱ्याला राहते, एक पुण्याला, मला काय माहीत त्या जावाजावा आहेत. साताऱ्याच्या ताईंना ६५० सांगितला, पुण्याच्या ताईंना ७२०. सुट्टीत दोघी गावी एकत्र आल्या, मसाल्याचा विषय निघाला. मग पुण्याच्या ताईंचा फोन आला. भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मसाला चांगलाच आहे ओ तुमचा, पण हे बरं नाही वाटलं." मी ७० रुपये लगेच परत पाठवले, माफी मागितली, पण त्या परत कधी आल्या नाहीत. भांडल्या असत्या तर इतकं लागलं नसतं मला.

आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या तीन दिवस आधी, रात्री नऊच्या सुमाराला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅप तिन्ही एकदम बंद पडलं, आठवतंय ना, जगभर सहा तासांच्या आसपास बंद होतं. सकाळी कुरिअर द्यायचं होतं आणि पत्ते चॅटमध्ये. कोणाला किती किलो, तेही चॅटमध्ये. आणि कोणाला काय भाव सांगितलाय हे तर मलाच आठवेना कारण प्रत्येकाला वेगळा! रात्रभर झोप नाही लागली मला. चूक माझीच होती, धंद्याची वही ठेवायची नाही आणि सगळं चॅटवर सोडायचं. दुसऱ्याच दिवशी शंभर पानी वही आणली. नाव, गाव, वजन, पैसे आले का, पार्सल कधी गेलं. आजही ती पद्धत आहे, आता चौथी वही चालू आहे.

मग त्या दिवाळीला पहिल्यांदा पोस्टमध्ये भाव लिहिला, आणि नुसता आकडा नाही लिहिला, तो कसा झाला ते लिहिलं. रंगाला ब्याडगी मिरची लागते, चवीला संकेश्वरी आणि झणक्याला लवंगी, तिन्हीचे भाव वेगळे. देठं काढली, वाळवली की वजन घटतं ते वेगळंच. देठं खुडायला गल्लीतल्या दोघी येतात, त्यांची मजुरी. धणे, खसखस, दगडफूल, नागकेशर, खोबरं, तीळ, तेल. डंकावर कुटायचे किलोवर पैसे. पिशवी, डबा. आणि माझे व सासूबाईंचे कष्ट, हो, ते पण लिहिले, आमच्या मेहनतीचे म्हणून किलोमागे किती धरतो तो आकडा सरळ लिहिला. टाकताना हात थरथरत होता माझा.

आल्या ना कमेंट. "एवढा महाग?" "आमच्या इथे निम्म्या भावात मिळतो." मी एकालाही उलटून बोलले नाही, एवढंच लिहिलं की वर हिशोब दिलाय, यातलं काय कमी करू ते सांगा. आणि मग जुन्या गिऱ्हाइकांनीच उत्तरं द्यायला सुरुवात केली, एका काकांनी लिहिलं की आमच्या घरी पाव किलोत महिना जातो, चमचाभर पुरतो. असं मी स्वतः लिहिलं असतं तर जाहिरात वाटली असती. मेसेज निम्म्यावर आले, खरंय. पण जे आले ते असे, "२ किलो पाठवा, हा पत्ता." विचारपूस नाही, घासाघीस नाही. आणि वीस रुपये कमी लावणारी? लावला तिने, लावू दे, तिचं गिऱ्हाईक वेगळं, माझं वेगळं.

तुम्ही म्हणाल मिरचीचा भाव दर आठवड्याला बदलतो, लिहायचा कसा. तारीख घाला. "हा भाव अमुक तारखेपर्यंत." आणि आकडा फोटोवर छापू नका, खाली मजकुरात लिहा, मजकूर नंतर एडिट करता येतो, फोटो नाही येत. मी एकदा फोटोवर भाव टाकला होता, तो फोटो व्हॉट्सअॅपवर फिरत फिरत दीड वर्षाने माझ्याकडेच आला, "ताई याच भावाने द्या" म्हणून. छापायचाच असेल तर सोबत तारीख छापा. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये कॅटलॉग असतो, त्यात भावासकट माल टाकून ठेवा, कोणी विचारलं की लिंक दिली की झालं. ऑनलाइन विकणाऱ्याने एकूण किंमत दाखवायची हे तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतही आहे, आपण छोटे म्हणून आपल्याला कोणी विचारत नाही एवढंच.

एक गोष्ट मात्र सगळ्या बायकांनी लक्षात ठेवा. खरं गिऱ्हाईक भाव बघतंच. भाव न बघता, चव न विचारता एकदम २५ किलो मागणारा माणूस आला, मिलिटरीत आहे म्हणाला, पैसे पाठवतो हा क्यूआर स्कॅन करा म्हणाला, की तिथेच थांबा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, स्कॅनही लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. माझ्या ओळखीच्या एका पापडवाल्या ताईंचे असेच गेले. असं झालंच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा, जितका लवकर लावाल तितकी पैसे अडवता यायची आशा जास्त.

यंदाचा आमचा भाव: १ किलो ७८०, अर्धा किलो ४००, कुरिअर वेगळं, ३१ मे पर्यंत. यंदा संकेश्वरी मनासारखी मिळाली तेवढाच मसाला करणार आहे, संपला की संपला, उगाच दुसरी मिरची घालून वाढवणार नाही.

आणि त्या शेवयांच्या ताई, हे वाचत असाल तर भाव इथेच खाली कमेंटमध्ये टाका. मला अजून दोन किलो लागणार आहेत, माहेरी पाठवायच्यात.