फाइलसिस्टीमच्या टेस्टची साफसफाई, एका स्प्रिंटमध्ये

फाइलसिस्टीमचा, म्हणजे डिस्कवर फायली सांभाळणाऱ्या कोडचा, टेस्ट सूट (सगळ्या टेस्टचा गठ्ठा) रात्रभर चालतो, काही टेस्ट फेल म्हणून सकाळी डॅशबोर्ड लाल, आणि साहेब विचारतात हे काय चाललंय, तर मग कुठल्या टेस्ट ठेवायच्या, कुठल्या नव्या सूटमध्ये हलवायच्या नि कुठल्या उडवायच्या हे ठरवून टाका एकदाचं. टेस्ट नेमकं काय तपासते ते वाचत बसू नका, वाचलं की काढवत नाही.

आधी वय बघा. एफएसएक्स नावाचा प्रोग्राम आहे, १९९१ सालचा, नेक्स्ट कंपनीतला. एकाच फाइलवर अंदाधुंद रीड, राइट, ट्रंकेट (फाइल छाटणं), एममॅप (फाइल मेमरीत जोडणं) करत राहतो आणि बाइट जुळतात का बघतो. लिनक्सवाले एक्सएफएसटेस्ट्स या त्यांच्या फाइलसिस्टीम टेस्ट सूटमध्ये तो अजून चालवतात, चालवू देत. तुमच्या टीममधली निम्मी पोरं तेव्हा जन्मलीही नव्हती. काढा.

मग वीज जाण्याच्या टेस्ट. डीएम-फ्लेकी (डिस्क बिघडल्याचं सोंग करणारी लिनक्सची सोय) वापरून राइट मुद्दाम गिळायचे, मग डिस्क परत माउंट करून (जोडून) काय उरलं ते बघायचं, किती वेळ जातो यात! २००९ मध्ये एक्स्ट४ ही लिनक्सची फाइलसिस्टीम नवी असताना मशीन अचानक बंद पडलं की लोकांच्या नुकत्याच सेव्ह केलेल्या फायली शून्य बाइटच्या होत होत्या, पण ती जुनी गोष्ट झाली हो, आणि आपल्याकडे यूपीएस आहे. (त्याची बॅटरी शेवटची कधी बदलली ते विचारू नका.)

हलवायच्या टेस्टचं तर फारच सोपंय. नव्या मशीनवर स्क्रॅच डिस्क द्यायचीच नाही. मग जिला मोकळी डिस्क लागते ती प्रत्येक टेस्ट गपचूप 'नॉट रन' म्हणून बाजूला होते, आणि नॉट रन म्हणजे फेल नव्हे, स्लाइडवर मायग्रेशन पूर्ण. एखादी तरीही आडवी आली तर तिच्या चुकलेल्या आउटपुटची जी आउट-डॉट-बॅड फाइल तयार होते ना, तीच उचलून अपेक्षित आउटपुटच्या जागी ठेवा, आता चूक हेच बरोबर उत्तर, कायमची हिरवी. कमिट मेसेजमध्ये (बदलाच्या नोंदीत) 'आउटपुट अपडेट केलं' एवढंच लिहा, खोटं नाहीये ते.

राहता राहिल्या रायझरएफएसच्या टेस्ट. ती फाइलसिस्टीमच लिनक्स ६.१३ मध्ये कर्नलमधून (लिनक्सच्या गाभ्यातून) काढून टाकली, म्हणजे या टेस्ट कधी चालणार नाहीत नि कधी लाल होणार नाहीत. या मात्र जिवापाड जपा, टेस्टची एकूण संख्या दाखवायला लागतात.