बिनकामाची सायकल

वाईच्या आसपासच्या डोंगरांत पुष्कळ वाटा आहेत आणि त्यांपैकी एकही सायकलसाठी झालेली नाही. पाणंद बैलगाडीने पाडली, बांधावरची वाट शेतकऱ्याने, सोनजाईच्या डोंगरावरची भाविकांनी, पांडवगडाची आधी शिबंदीने आणि नंतर ट्रेकवाल्यांनी. उरलेल्या, म्हणजे बहुसंख्य वाटा म्हशींनी पाडल्या. या शेवटच्या प्रकाराला ढोरवाट म्हणतात. ती पाऊलवाटेइतकीच रुंद, तितकीच मळलेली आणि कितीतरी अधिक आत्मविश्वासाने निघालेली असते. फक्त जिथे म्हशीला बरे गवत लागले त्या करवंदीच्या जाळीपाशी ती एकाएकी संपते. म्हशीच्या दृष्टीने तो अत्यंत योग्य शेवट असतो. हातात सायकल धरलेल्या माणसाला मात्र तिथे वळायलाही जागा नसते.

ही डोंगरात चालवायची सायकल, म्हणजे माउंटन बाइक, माझ्याकडे आली ती भाच्यामुळे. त्याची पुण्याहून बंगळुरूला बदली झाली, नव्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती, आणि "मामा, नुसती उभी करून ठेवू नका, खराब होईल, रविवारी तरी डोंगरात काढत जा," असे बजावून तो ती आमच्या ओसरीवर ठेवून गेला. तिला एकोणतीस इंची चाके आहेत, पुढे दहा सेंटिमीटर दबणारे सस्पेन्शन आहे, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आहेत आणि मागे बारा गिअरची चक्रे आहेत. नाही ते असे: मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, घंटी आणि चेनकव्हर. या वस्तू नसण्याचेच जादा पैसे पडतात, असे भाच्याने मला समजावून सांगितले होते.

त्याने मला माउंटन बायकिंगच्या या खेळाचा इतिहासही ऐकवला होता. कॅलिफोर्नियात फेअरफॅक्स नावाचे एक लहानसे गाव आहे. तिथल्या काही तरुणांनी १९७६ मध्ये जवळच्या रीपॅक नावाच्या उतारावर जुन्यापान्या, जाड टायरच्या सायकलींच्या शर्यती सुरू केल्या. पेडल उलटे दाबून लावायचे त्यांचे ब्रेक उतरताना इतके तापत, की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि खाली पोचल्यावर ते पुन्हा भरावे लागे. पुढे त्यांच्यातल्याच जो ब्रीझने १९७७ मध्ये या कामासाठी खास फ्रेम बांधली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपर्यंत हा खेळ जाऊन पोचला. भाच्याने सांगायचे टाळले ते एवढेच, की ही मंडळी सायकली पुष्कळदा ट्रकमध्ये घालून वर नेत आणि मग खाली येत. हा तपशील मला नंतर वाचनात सापडला, आणि त्या दिवसापासून मी या खेळाच्या जनकांबद्दल जास्त आदराने आणि भाच्याबद्दल कमी आदराने बोलतो.

आमच्याकडे चढ हा स्वतःच चढावा लागतो. मेणवलीच्या पुढे डांबर सोडून डोंगराकडे वळले, की मुरूम सुरू होतो, आणि चढावरचा सुटा मुरूम मागच्या चाकाखालून असा सरकतो, की माणूस पेडल मारत राहतो आणि डोंगर जागच्या जागी राहतो. सर्वांत हलका गिअर टाकावा, तर पाय पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यासारखे फिरतात आणि डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली एखादी मावशी शांतपणे शेजारून पुढे निघून जाते. जाताना ती विचारते, "का वो, बंद पडली का?" सायकल बंद पडलेली नाही, बंद मी पडलो आहे, हे सांगण्याइतका श्वास त्या वेळी नसतो.

परंतु चढ, घसारा, मोज्यांतून आरपार घुसणारी कुसळे, पावसाळ्यात चाक आणि फ्रेम यांच्यामध्ये गच्च बसून चाकच फिरू न देणारी चिकणमाती आणि मेंढपाळांची तत्त्वनिष्ठ कुत्री, हे सगळे सोसता येते. सोसत नाही तो प्रश्न. या वाटांवर भेटणारा प्रत्येक माणूस कशासाठी तरी निघालेला असतो: कोणाला पाण्याची पाळी असते, कोणाची शेळी चुकलेली असते, कोणी हळदीच्या रानात चाललेले असते. आणि ते सगळे, आपल्याकडची पद्धतच असल्यामुळे, थांबून विचारतात, "कुठं निघालात?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. "असंच" म्हणावे, तर समोरचा माणूस हातातले खोरे खाली ठेवतो, कारण असंच कोणी भर उन्हात धावडीच्या चढाला लागत नाही. "व्यायामासाठी" म्हणावे, तर तो आपल्या अर्धवट खणलेल्या चराकडे आणि दुसऱ्या खोऱ्याकडे अर्थपूर्ण नजरेने पाहतो.

म्हणून लोक माझ्यासाठी परस्पर कारण शोधतात. हेल्मेट पाहून सुरुवातीला मला मोजणी खात्याचा समजत आणि बांधावरच्या दोन्ही बाजूंचे भाऊ एकदमच तक्रार मांडू लागत. अलीकडे मात्र सर्वांचे एकमत झाले आहे, की मी जागा बघायला आलो आहे. पुण्यामुंबईच्या लोकांनी इकडे घेतलेल्या जमिनी पाहता हा तर्क मुळीच वावगा नाही. धोमच्या बाजूला एका गृहस्थांनी मला सायकलवरून उतरवून, चहा पाजून, धरणाचे पाणी दिसणारा अकरा गुंठ्यांचा तुकडा दाखवला. सातबारा स्वच्छ असून बहिणींच्या सह्या होतील, असे आश्वासन दिले. मला जमीन घ्यायची नाही, हे सांगितल्यावर त्यांनी सायकलकडे बोट दाखवले. "मग ही केवढ्याला घेतली?" मी आकडा सांगितला. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "एवढ्यात दुभती म्हैस आली असती, आणि तिला स्टँडही लागत नाही."

या बाबतीत पंक्चरवाल्यांचे वागणे त्यांच्याहून समंजस म्हटले पाहिजे, कारण ते किंमत विचारत नाहीत. ते सरळ कीव करतात. बाभळीचा काटा महागड्या टायरला मुळीच भीत नसल्यामुळे माझे त्यांच्याकडे वरचेवर जाणे होते. या सायकलचा व्हॉल्व्ह बारीक असतो. टोकाची चिमुकली चकती सैल केल्याशिवाय आणि वर पितळी जोड बसवल्याशिवाय आपल्या कॉम्प्रेसरची हवा आत जात नाही. तो जोड मी बरोबर बाळगतो. खरा प्रश्न त्यानंतर निर्माण होतो. डोंगरात टायर थोडे मऊ ठेवावे लागते, पंचवीस-तीस पौंडांच्या आसपास, म्हणजे ते दगडगोट्यांवर दबते आणि पकड घेते. पण अंगठ्याने दाबल्यावर दबणारे टायर गिऱ्हाइकाच्या हाती देणे हे कोणत्याही स्वाभिमानी पंक्चरवाल्याला मान्य नसते. तो साठपर्यंत हवा भरतो, चाकावर एक टिचकी मारतो आणि "आता बघा, दगड झालाय" असे म्हणतो. त्याच्या डोळ्यांतले समाधान पाहून माझा धीर होत नाही. मी पैसे देतो, वळणापलीकडे जातो आणि तिथे चोरून हवा सोडतो. एकदा शाळेतल्या मुलांनी मला हे करताना पाहिले. सायकल स्वतःचीच असताना तिची हवा सोडणारा माणूस त्यांनी प्रथमच पाहिला असावा, कारण त्यानंतर मेणवलीत माझी ओळख ती एकच राहिली आहे.

शेवटी मी कारणच बरोबर नेऊ लागलो. हँडलला एक कापडी पिशवी अडकवायची आणि कोणी विचारले, की "धोमला चाललोय, हळद आणायला" असे सांगायचे. परिणाम तत्काळ झाला. लोकांच्या चेहऱ्यावरचा संशय मावळला, कोणी खोरे खाली ठेवीना, कुत्रीसुद्धा पिशवीचा मान ठेवून थोड्या अंतरावरूनच भुंकू लागली. फक्त मी धोमला जातो हे एकदा पक्के झाल्यावर, "जाताच आहात तर" या शब्दांनी सुरू होणारी वाक्ये माझ्या वाट्याला आली. आधी नुसता निरोप होता. मग जावयाचा डबा आला, मग कोणाची तरी गोळ्यांची पाकिटे. गेल्या रविवारी एका आजींनी आपल्या लेकीसाठी जिवंत कोंबडी दिली, आणि दहा सेंटिमीटर दबणारे सस्पेन्शन घसाऱ्यावर किती उपयोगाचे आहे, याची माझ्याइतकीच खात्री त्या कोंबडीलाही पटली असावी, कारण ती शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही.

येत्या रविवारी पेंडीचे अर्धे पोते आहे. पंक्चरवाल्याकडे जुन्या सायकलचे एक कॅरिअर पडून आहे. ते बसते का, हे त्याने भाच्याला न विचारता पाहून ठेवले आहे. स्टँडसुद्धा तो लावून देणार आहे.