‘तिवरांचा उपयोग काय?’ विचारणाऱ्या फॉरवर्डला

गेले काही दिवस एक मजकूर ग्रुपांवरून फिरतोय. त्याचा सारांश असा: तिवरं (खाडीकाठच्या खाऱ्या चिखलात वाढणारी झाडं, म्हणजेच खारफुटी किंवा कांदळवन) म्हणजे डासांचं माहेरघर, ना फळ, ना लाकूड, मासळी खोल समुद्रात मिळते, चिखलात नाही, वादळाला अडवायला भिंत बांधावी, आणि झाडंच हवीत तर तोडलेल्याच्या तिप्पट दुसरीकडे लावावीत. खाली कुणाचं नाव नाही, पण मुद्दे घेण्यासारखे आहेत.

डासांचं आधी उरकू. मुंबईत मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी वाढतो तो गच्चीवरच्या टाक्यांत, विहिरींत, बांधकामावर साचलेल्या पाण्यात. डेंग्यूचा एडिस तर घरच्या फुलदाणीवरही समाधानी असतो. दिवसातून दोनदा जिथे पाणी चढतं-उतरतं, तिथे अळीला टिकणं अवघड. खाऱ्या पाण्यातले डास असतात, नाकारत नाही. पण ते बोकाळतात राडारोडा टाकून खाडीची वाट बुजवल्यावर. भराव घालणारा वेगळाच, आळ मात्र तिवरावर.

मासळीचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला, कारण तो खाणाऱ्याने लिहिलाय, पकडणाऱ्याने नाही. कोळंबीच्या कित्येक जाती अंडी समुद्रात घालतात, पण पिल्लं भरतीबरोबर खाडीत येतात, कांदळाच्या मुळांच्या जाळीत लपून वाढतात आणि मोठी झाल्यावर परत समुद्रात जातात. ट्रॉलरच्या जाळ्यात ती ‘खोल समुद्रातली’ म्हणून सापडते, एवढंच. खारेपाटातला (रायगडच्या खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातला) माणूस ज्याच्यासाठी जीव टाकतो त्या जिताडा माशाचं बालपणही खाडीतच जातं. चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा, तर आयुष्याचा मोठा भाग त्याच चिखलात काढते. पापलेटाचा तिवराशी असा थेट संबंध नाही, हे मान्य.

शिवाय ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून कालवं फोडणाऱ्या बायका आहेत, पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकून चार बोय मासे आणणारा म्हातारा आहे. यांच्याकडे ना बोट, ना डिझेलचा खर्च, ना सातबारा. यातली बरीचशी मासळी घरात खाल्ली जाते, उरलेली दारावर विकली जाते. तिची पावती कुठे फाटत नाही. म्हणून तिवरांची किंमत शून्य दिसते. जमिनीचा भाव तेवढा दिसतो, कारण तो लिहिलेला असतो. गेल्या काही वर्षांत राज्याच्या वन विभागातल्या कांदळवन कक्षाच्या योजनेतून बचत गट खेकडे आणि जिताडा पाळू लागलेत. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत तर बायका स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. तिथे पावतीही मिळते.

आता भिंत. १९९९ च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळाचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. केंद्रपाडा जिल्ह्यातली चारशेहून जास्त गावं त्यात तपासली होती. गाव आणि समुद्र यांच्यात कांदळवनाचा पट्टा जितका रुंद, तितके मृत्यू कमी, असं त्यात आढळलं. वेळेवर दिलेल्या इशाऱ्याने त्याहून जास्त जीव वाचले, हेही त्यातच आहे. म्हणजे तिवर हा काही चमत्कार नाही. पण सिमेंटची भिंत बांधायला लागतात तसे त्याला पैसे लागत नाहीत, आणि भिंतीत कोळंबी वाढत नाही.

तिप्पट झाडांचा हिशोब कागदावर छान दिसतो. फिलिपिन्सने दशकानुदशकं कांदळवनं लावली. दीर्घकाळात साधारण १० ते २० टक्केच रोपं जगली. कारण ती बऱ्याचदा सोयीच्या जागी, उघड्या चिखलपट्ट्यांवर लावली होती. भरती किती वेळ थांबते, पाणी किती खारं, यावर कुठलं झाड कुठे येणार हे ठरतं. आणि जगलेलं रोपही तोडलेल्या झाडासारखं व्हायला वर्षं लागतात. तोवर तिथली चिंबोरी कुठे जाणार?

एक खरी तक्रार मात्र या मजकुरात नाहीच. पेण-अलिबागच्या खारेपाटात उधाणाने बंधाऱ्याला खांडी जातात, म्हणजे तो फुटतो, खारं पाणी भातखाचरात शिरतं, दोन-चार वर्षांत तिथे तिवर उगवतं. २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या निकालाने कांदळवन तोडीवर बंदी आहे, त्यामुळे स्वतःच्याच शेतात शेतकऱ्याला त्याला हात लावता येत नाही. त्याचा राग मला समजतो. पण तिथे आधी फुटलाय तो बंधारा. खांड त्याच उन्हाळ्यात बुजवली असती, तर त्या खाचरात आज भातच उभं असतं.