दादर कोणी घडवले? : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

दादरच्या जडणघडणीवरील माझ्या लेखाला आपण दिलेली सविस्तर प्रतिक्रिया मी सावकाश वाचली. आपल्या घराण्याच्या तीन पिढ्या शिवाजी पार्कच्या परिसरात गेल्या असल्याचे आपण लिहिले आहे, आणि लेखावरचा आपला राग त्या नात्यातूनच आलेला आहे, हे उघड आहे. आपले आक्षेप थोडक्यात असे. दादरला उपनगर म्हणणेच चूक आहे. दादर घडवण्याचे श्रेय मी इंग्रजांच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टला, म्हणजे शहरसुधारणेसाठी नेमलेल्या मंडळाला, दिले आणि मराठी मध्यमवर्गाच्या कष्टांवर पाणी ओतले. नायगावच्या चाळी आणि चैत्यभूमी यांचा ‘दादरच्या संस्कृतीशी’ संबंध नसताना मी त्या लेखात ओढून आणल्या. आणि ‘बाहेरचे’ लोक दादरचा मराठी चेहरा पुसून टाकत असताना मी त्याविषयी अवाक्षरही काढले नाही. लेखाखालच्या चौकटीत याचे उत्तर मावणारे नव्हते, म्हणून ते स्वतंत्रपणे देत आहे.

पहिल्या आक्षेपावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. सरकारी हिशेबाने मुंबई उपनगर जिल्हा माहीमच्या खाडीपलीकडे सुरू होतो, तो १ ऑक्टोबर १९९० रोजी अस्तित्वात आला आणि दादर त्यात नाही, हे आपले म्हणणे बरोबर आहे. परंतु मी ज्या काळाविषयी लिहिले, त्या काळी दाट वस्तीचे शहर दक्षिणेकडे होते, आणि दादर, माटुंगा, वडाळा, शीव हा भाग महापालिकेच्या हद्दीत असूनही भातखाचरे, नारळीच्या वाड्या आणि पाणथळ जमिनी यांनी व्यापलेला होता. शहरातील गर्दी बाहेर काढून वसवण्यासाठी जो भाग आखला गेला, त्याला त्या अर्थाने उपनगर म्हणण्यात मला काही गैर दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ट्रस्टने इंग्रजी उदारपणाने आपल्याला दादर बहाल केले, असे माझ्या लेखात कोठेही म्हटलेले नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, पुढच्या काही महिन्यांत शहर निम्म्याच्या आसपास ओस पडले, गिरण्या आणि गोदी यांना माणसे मिळेनाशी झाली, आणि या भीतीपोटी १८९८ मध्ये कायदा करून बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन करण्यात आला. त्याच्या मंडळावर सरकार आणि महापालिका यांच्याबरोबर व्यापारी मंडळ, गिरणीमालक संघ आणि पोर्ट ट्रस्ट यांचे प्रतिनिधी बसत असत. एवढ्यावरून त्याचा कल कोणाकडे असेल हे समजते. सुरुवातीच्या वर्षांत या ट्रस्टने जेवढ्या खोल्या पाडल्या, तेवढ्या बांधल्या नाहीत, आणि पाडलेल्या खोल्यांतील गरीब माणसे दादरला राहायला आली असेही झाले नाही. ती जवळच्या उरल्यासुरल्या चाळींत आणखी दाटीवाटीने राहिली. असे असूनही दादरच्या घडणीचा विचार ट्रस्टला वगळून करता येत नाही.

आपण म्हणता की ट्रस्टने नुसती जमीन विकली आणि घरे आपल्या आजोबा-पणजोबांनी उभी केली. वस्तुस्थिती अशी की जमीन विकलेली नव्हती, ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिलेली होती, आणि दादरचे बरेचसे रूप त्या भाडेपट्ट्यांच्या अटींमध्ये लिहिलेले होते. भूखंडाचा किती भाग बांधायचा, रस्त्यापासून इमारत किती मागे घ्यायची, दोन इमारतींमध्ये हवा खेळण्यासाठी किती अंतर सोडायचे, मजले किती चढवायचे, हे घरमालकाच्या मर्जीवर सोडलेले नव्हते. हिंदू कॉलनीच्या गल्ल्यांतून चालताना जी झाडी आणि जो उजेड जाणवतो, त्याचे मूळ रहिवाशांच्या सुसंस्कृतपणापेक्षा या अटींमध्ये अधिक आहे. तेच मध्यमवर्गीय लोक त्याच काळात गिरगावातील चाळींत राहत होते आणि तितकेच सुसंस्कृत होते. तेथे मात्र असा उजेड नव्हता, कारण तेथे अशा अटी नव्हत्या.

शिवाय ही जमीन रिकामी नव्हती. पोर्तुगीज चर्च म्हणून आपण ज्याला ओळखतो, ते आवर लेडी ऑफ साल्वेशन चर्च सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्थापन झाले आहे. आजची इमारत चार्ल्स कोरिया यांनी विसाव्या शतकात केलेली असली तरी त्याभोवतीची ख्रिस्ती वस्ती जुनी आहे. कोळी, ताडमाडांवर पोट असलेले भंडारी आणि भातशेती करणारी कुटुंबे दादर-माहीमच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. ट्रस्टने जमीन घेतली ती अशा लोकांकडून आणि त्यांच्या जमीनदारांकडून, सक्तीच्या संपादनाने. तेव्हा ‘दादर आम्ही वसवले’ असे आपण म्हणतो त्या वेळी या मंडळींना आपण कोणत्या रकान्यात टाकणार, हा प्रश्न उरतोच.

मध्यमवर्गाने काय केले, हे मात्र मी मुळीच कमी लेखत नाही. घरे बहुतेकांनी बांधली नाहीत. ते भाडेकरू होते, आणि स्वतःचे स्वच्छतागृह आत असलेला दोन-तीन खोल्यांचा ‘ब्लॉक’ हा त्यांच्यासाठी जगण्यातला मोठा बदल होता. त्यांनी उभ्या केल्या त्या संस्था. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचे मोठे बिऱ्हाड दादरच्या पूर्वेकडे आले. १९३७ मध्ये रुईया महाविद्यालय निघाले, १९५४ मध्ये कीर्ती महाविद्यालय. १९६५ मध्ये शिवाजी मंदिर उभे राहिले आणि व्यावसायिक मराठी नाटकाला हक्काचे घर मिळाले. माझ्या मते या सर्वांहून दादरच्या स्वभावाची खरी साक्ष छबिलदास शाळेचे सभागृह देते. १९७० च्या दशकात त्या साध्या, गैरसोयीच्या, रस्त्यावरचा गोंगाट थेट आत येणाऱ्या जागेत मराठी प्रायोगिक रंगभूमी बहरली, कारण सभागृह परवडणाऱ्या भाड्यात मिळत होते, स्थानक चालत जाण्याच्या अंतरावर होते आणि प्रयोग संपल्यावर दोन्ही रेल्वेमार्गांवरची गाडी पकडून प्रेक्षकाला घरी जाता येत होते. शिवाजी पार्कचेही तसेच. मैदान महापालिकेने १९२५ मध्ये खुले केले, पण १९२७ मध्ये त्याला शिवछत्रपतींचे नाव मिळाले ते नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या प्रयत्नांमुळे. मैदान राखणे ही आखणी झाली, त्याचे ‘शिवाजी पार्क’ करणे हे लोकांचे काम. एवढी वाटणी आपण मान्य केलीत तर आपल्यात फारसा मतभेद उरत नाही.

(पार्कातल्या क्रिकेटविषयी मी लिहिले नाही याबद्दलही आपण मला टोकले आहे. दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना यांची चुरस, रमाकांत आचरेकर सरांची शिकवणी, शारदाश्रम शाळा यांवर स्वतंत्र लेख होईल. दोन ओळींत तो विषय उरकणे मला पटले नाही.)

मराठीपणाविषयीही एक गोष्ट नोंदवतो. ट्रस्टच्या योजनेत दादर आणि माटुंगा ही जोडभावंडे आहेत. मंचेरजी जोशी यांनी ट्रस्टकडे पाठपुरावा करून मध्यम उत्पन्नाच्या पारशी कुटुंबांसाठी १०३ भूखंड राखून घेतले आणि त्यातून पारशी कॉलनी वसली. माटुंग्यात रेल्वे आणि सरकारी कचेऱ्यांतील दक्षिण भारतीय कारकुनांची वस्ती झाली, आणि १९३२ मध्ये त्यांनी आपली शिक्षणसंस्था काढली. शीख संस्थेने चालवलेले खालसा महाविद्यालय १९३७ चे, म्हणजे रुईयाच्याच वर्षाचे. या सर्वांच्या शेजारात दादरचे मराठीपण वाढले, आणि शेजार असल्यामुळे ते अधिक ठळक झाले, असे मला वाटते. दादर प्रथम निखळ मराठी होते आणि मग त्यात परके शिरले, हा क्रम इतिहासाला धरून नाही.

आता तिसरा आक्षेप, ज्याबाबत मी तसूभरही मागे हटू इच्छित नाही. आपण लिहिता, ‘चाळी आणि चैत्यभूमी हा वेगळा विषय आहे.’ तो वेगळा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षे परळच्या बीआयटी चाळीत राहिले. या चाळीच्या नावातील तीन अक्षरे त्याच बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची आहेत, ज्याने हिंदू कॉलनीचे भूखंड आखले. १९३० च्या दशकात त्यांनी हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले, ते मुख्यतः आपल्या प्रचंड ग्रंथसंग्रहासाठी. कामगाराला एक खोली आणि सामाईक व्हरांडा, मध्यमवर्गाला झाडांच्या सावलीतला ब्लॉक, अशी जी दोन मापे ट्रस्टने लावली होती, ती दोन्ही एका माणसाच्या आयुष्यात एकत्र आलेली दिसतात. दादरचा इतिहास लिहिताना हे सोडून द्यायचे असेल तर मग लिहायचे तरी काय?

नायगावच्या बीडीडी चाळी ट्रस्टच्या नव्हेत, त्या १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने बांधल्या. वरळी, ना. म. जोशी मार्ग, शिवडी आणि नायगाव येथे मिळून अशा २०७ इमारती झाल्या आणि प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला सुमारे १६० चौरस फुटांची खोली आली. दादर पूर्वेच्या कॉलन्या आणि नायगाव यांच्यामध्ये काही मिनिटांचे अंतर आहे. कोहिनूर गिरणीचा भोंगा दोन्हीकडे ऐकू जात होता. मध्यमवर्गाच्या घरात धुणीभांडी करणारी बाई, रानडे रस्त्यावर सणाची खरेदी करणारे गिरणी कामगाराचे कुटुंब, ग्रंथसंग्रहालयात वर्तमानपत्र वाचायला येणारा तरुण, यांपैकी बरेच जण त्या बाजूचे होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांची धुरांडी थंडावली, तेव्हा दादरच्या बाजारपेठेलाही त्याची झळ बसणे अटळ होते.

चैत्यभूमीविषयी आपण लिहिले आहे की ६ डिसेंबरला रहिवाशांना घराबाहेर पडणे अवघड होते. ती अडचण खरी आहे आणि मी ती नाकारत नाही. परंतु ७ डिसेंबर १९५६ रोजी दादर चौपाटीवर बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले, तेव्हापासून विदर्भ-मराठवाड्यातील लाखो माणसांसाठी दादर म्हणजे चैत्यभूमीच आहे. वर्षातून एकदा रेल्वेने येऊन, पार्कात रात्र काढून, रांगेत उभे राहून, पदपथावरच्या दुकानांतून पुस्तके विकत घेऊन परत जाणारा हा समुदाय पुस्तकांवर जेवढा खर्च करतो, तेवढा आपल्यासारख्या ‘वाचन संस्कृतीच्या’ रहिवाशांपैकी किती जण करतात, हे आपणच ठरवावे. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने शिवाजी पार्क शांतता क्षेत्र ठरवले, ते रहिवाशांच्या तक्रारीवरून. त्यातून वगळलेल्या दिवसांत २६ जानेवारी आणि १ मे यांच्या जोडीने ६ डिसेंबर आहे. म्हणजे रहिवाशांचा हक्क आणि येणाऱ्यांचा हक्क, दोन्ही न्यायालयाने ओळखले. ३० ऑक्टोबर १९६६ रोजी शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा याच मैदानावर झाला आणि त्या परंपरेचा आपण अभिमानाने उल्लेख केला आहे. त्या मेळाव्याला येणारे सगळेही काही शिवाजी पार्कचे रहिवासी नव्हते.

किंबहुना माझ्या लेखाचा गाभा हाच होता. दादरमध्ये राहणाऱ्यांइतकाच दादरवर येणाऱ्या-जाणाऱ्यांचा हक्क आहे. दोन रेल्वे एकमेकींना भेटतात ते हे स्थानक, ट्रामचा शेवटचा थांबा होता तो दादर टीटी. ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईची अखेरची ट्रामही बोरीबंदरहून येथेच आली. पहाटे वसईहून फुलांच्या पाट्या घेऊन येणाऱ्या बायका, बाजारात मुक्कामाला असल्यासारखे ठाण मांडून बसलेले भाजीवाले, कर्जत-कसाऱ्याहून नाटकाला आलेले प्रेक्षक, हे सारे वजा केले तर उरते ती एक नीटनेटकी वसाहत. तशा वसाहती मुंबईत इतरत्रही आहेत. त्यांच्यावर कोणी लेख लिहीत नाही.

राहिला चौथा आक्षेप. जुन्या दोन-तीन मजली इमारतींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत, हे पाहून आपल्याला होणारे दुःख मला समजते. पण त्याचे कारण ‘बाहेरचे’ हे नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली गेली. युद्धोत्तर टंचाईत त्याने भाडेकरूला आधार दिला, पण पुढे दशकानुदशके ती तशीच राहिल्याने मालकाला डागडुजीत रस उरला नाही. १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ आणि दुरुस्तीसाठी जुन्या इमारतींवर बसवलेला उपकर आले, तरी इमारती खंगतच गेल्या. मग विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) या कलमाखाली उपकरप्राप्त इमारतींना जादा चटईक्षेत्र, म्हणजे अधिक बांधकामाची परवानगी, देऊन पुनर्विकासाची वाट काढण्यात आली. त्यासाठी भाडेकरूंपैकी पूर्वी ७० टक्क्यांची आणि पुढे ५१ टक्क्यांची संमती पुरेशी ठरली. ही संमतिपत्रे देणारे बहुतेक जण आपल्यासारखेच जुने मराठी भाडेकरू आहेत. गळक्या छताखाली आणखी वीस वर्षे काढा, असे त्यांना सांगण्याचा अधिकार मला नाही. नवी सदनिका मिळाल्यावर ती विकून, पैसे मुलांत वाटून ठाण्याला किंवा बोरिवलीला जाणारेही त्यांच्यातलेच आहेत, आणि तोही त्यांचा हक्क आहे.

मला खटकते ते वेगळेच. या पुनर्विकासात उंचीबरोबर इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेतही सवलती मिळतात. ज्या अंतरांमुळे दादर दादर झाले, तीच अंतरे वाहनतळाच्या मजल्यांनी आणि कुंपणाला भिडलेल्या भिंतींनी भरून जात आहेत. रस्त्यावरचे माणूस मराठी बोलते की गुजराती, याने इतका फरक पडत नाही, जितका तळमजल्यावरचे अंगण नाहीसे झाल्याने पडतो. आपल्याही इमारतीत संमतिपत्रे फिरू लागली आहेत, असे आपण शेवटी लिहिले आहे आणि मी काय सुचवेन असे विचारले आहे. विकासकाने दाखवलेल्या सदनिकेच्या नकाशाबरोबर संपूर्ण भूखंडाचा नकाशा मागून घ्या, चारही बाजूंना किती मीटर मोकळी जागा सुटते आहे आणि अस्तित्वात असलेली झाडे त्यात कोठे आहेत हे लेखी विचारा, आणि ते उत्तर हाती आल्यावरच स्वाक्षरीचा विचार करा. भाडेकरूंच्या बैठकीत हा मुद्दा बहुधा कोणी काढत नाही, कारण सर्वांचे लक्ष चटईक्षेत्राच्या चौरस फुटांवर असते. आपण तो काढू शकाल.

आपला,
लेखक