आमच्याकडून ओके हाय, सर

आमच्या कंपूतले अर्धे लोक पोटापाण्यासाठी सोलापूर सोडून गेले. कोणी पुण्याला, कोणी हैदराबादला, एक तर थेट दोह्याला. रात्री जेवणं उरकली की सगळ्यांनी मिळून गप्पा हाणायच्या, आणि त्याही कुणाच्या मेहेरबानीवर नाही, घरच्या सर्व्हरवर, ही कल्पना माझी. इंटरनेटवरून एकमेकांशी बोलायचं मंबल नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. जुना कॉम्प्युटर माळ्यावर पडून होताच, त्यावर ते चढवलं आणि हॉलमधून "हॅलो" म्हटलं. स्वयंपाकघरात बायकोच्या मोबाइलवर स्वच्छ ऐकू आलं. ती म्हणाली, "अहो, मी इथंच आहे. नुसतं बोला की."

घरातल्या घरात उत्तम. बाहेरचा मात्र एक माणूस आत येईना.

राउटरला सांगून ठेवावं लागतं, की मंबलच्या ६४७३८ या पोर्टवर, म्हणजे या नंबरच्या दारावर, कोणी आलं तर त्याला माळ्यावर पाठव. टीसीपी आणि यूडीपी, माहिती पोचवायच्या दोन्ही पद्धतींसाठी. आकडा तोच, १९८२ सालच्या कमोडोर ६४ या कॉम्प्युटरवर 'सिस ६४७३८' असं टाइप केलं की तो रीसेट व्हायचा. पुढं पुढं मला हा आकडा अपशकुनी वाटायला लागला, कारण ज्याला विचारावं तो रीसेटच करायला सांगे. कस्टमर केअरची बाई दर वेळी तेवढ्याच मायेने म्हणायची, "राउटर बंद करून पाच मिनिटांनी चालू करा, सर. आमच्याकडून ओके आहे." हैदराबादवाला म्हणायचा, "माझ्याकडं सगळं ओके हाय बे, तुझंच कायतर बघ." मी फायरवॉल, म्हणजे कॉम्प्युटरचा पहारेकरी, बघायचो, तिथंही ओके. इतके ओके एकत्र आले की काहीच चालत नाही, हे सोलापूरकराला समजावून सांगायला नको. आमच्या नळाच्या बाबतीतही जो तो हेच म्हणतो.

नळावरून आठवलं. दोस्त मोकळे व्हायचे रात्री अकराला, आणि पाणी आमच्या गल्लीत नेमकं तेव्हाच यायचं. मी राउटरच्या पानावर सर्व्हरच्या घरातल्या पत्त्याचे, १९२.१६८ च्या पुढचे आकडे तपासतोय आणि खालून हाक, "अहो, मोटार लावा!" मोटार लावून येईपर्यंत दोहावाला झोपलेला. चार दिवसांआड येणाऱ्या पाण्यापुढं सर्व्हरची काय कथा?

शेवटी राउटरचा बाहेरचा पत्ता नीट बघितला. तो १००.८१ ने सुरू होत होता, आणि इंटरनेटवर विचारलं तर माझा पत्ता भलताच दिसत होता. तिथं उलगडा झाला. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते जगात साधारण ४३० कोटी, आणि त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला. म्हणून इंटरनेटवाले अनेक घरांना मिळून एकच खरा पत्ता देतात. जुन्या पेठेतल्या वाड्यासारखं. पत्ता एक, बिऱ्हाडं चाळीस. आतून पाठवलेल्या पत्राचं उत्तर बरोबर त्या बिऱ्हाडात येतं, पण अनोळखी पाहुणा आला तर दिंडी दरवाजातूनच परत. मी आपला माझ्या खोलीवर ६४७३८ ची पाटी रंगवत बसलेलो!

कंपनीकडं पब्लिक आयपी, म्हणजे माझ्या एकट्याचा खरा पत्ता, मागितला. पलीकडून प्रश्न, "कॅमेरा लावलाय का, सर?" गप्पा मारायला असं कारण त्यांच्या यादीत नव्हतं. म्हटलं, "लावा कॅमेराच." महिन्याला वरचे पैसे ठरले आणि त्याच रात्री पुणं, हैदराबाद, दोहा, सगळे आत!

दोहावाल्याच्या खोलीतलं वायफाय मात्र यूडीपी सोडत नव्हतं. मग मंबल त्याचा आवाज टीसीपीवरून आणतं. टीसीपी फार सचोटीचं. वाटेत एक तुकडा हरवला तर तो परत मागवून घेईपर्यंत मागचे सगळे खोळंबतात. गप्पांमध्ये एवढी सचोटी काय कामाची? त्याचं "बरोबर हाय बे" एक विषय उशिरा यायचं. आम्ही त्याच्याच कंजूषपणावर बोलत असताना तो जोरजोरात दुजोरा द्यायचा. हा दोष दुरुस्त करू नये असं बहुमताने ठरलं.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा पोरगा आला. "कॅमेरा कुठाय, सर?" त्याला माळ्यावर चढवलं. त्याने कॉम्प्युटर चहूबाजूंनी बघितला. "काका, ह्याला डोळाच न्हाई की ओ."

"कान हायत. लावून बघ," म्हणून मी हेडफोन वर दिला. हैदराबादवाला त्या वेळी कुणाला तरी तेलुगूत झापत होता. पोरगा ऐकून हसला आणि तेलुगूतच काहीतरी बोलला. मग दोघंही सुटले. मला मधून मधून फक्त 'दाजी पेठ' एवढं कळत होतं. पोराची आत्या हैदराबादवाल्याच्या जुन्या घराच्या मागच्या बाजूला राहायची, असं नंतर समजलं. सर्व्हर माझा, हेडफोन माझा, वीजबिल माझं, आणि मी खाली शिडी धरून उभा.

खालून विचारलं, "काय रे, आवाज तुटतोय का?"

"न्हाई न्हाई, काका," तो वरून म्हणाला, "एकदम ओके हाय. तुम्ही जरा थांबा."