आयातीमुळे नोकरी गेलेल्या कामगारांचं देणं

अमेरिकेच्या आयात शुल्कावर रोज चर्चा चालू असते. १ जुलै २०२२ ला तिथे काय बंद पडलं, याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. परदेशी मालाच्या स्पर्धेत ज्यांची नोकरी गेली, त्यांना भत्ता आणि नव्या कामाचं प्रशिक्षण देणारी 'ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स' नावाची साठ वर्षं जुनी सरकारी योजना होती. अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) मुदत वाढवली नाही आणि त्या दिवसापासून नव्या अर्जांना मंजुरी मिळणं थांबलं. ज्यांना आधी मंजुरी मिळाली होती त्यांचे लाभ चालू राहिले. नंतर ज्यांच्या कारखान्याला टाळं लागलं, त्यांना या योजनेचा आधार उरला नाही. मला हा सरळसरळ शब्द मोडण्याचा प्रकार वाटतो.

कारण शब्द दिला होता. १९६२ साली राष्ट्राध्यक्ष केनेडींनी व्यापार खुला करणारा कायदा आणला, तेव्हा ही मदत त्याच कायद्याचा भाग होती. खुल्या व्यापाराचा फायदा सगळ्या देशाला होणार असेल, तर त्याची झळ एकट्या कामगाराने सोसू नये, काही भार सरकारने उचलावा, असा तो विचार होता. म्हणून मी याला मदत म्हणायलाही कचरतो. ज्यांना स्वस्त माल मिळाला, त्यांचं हे देणं आहे, ज्यांची रोजी गेली त्यांच्यासाठी.

पण कायद्यातल्या अटी इतक्या कडक होत्या की पहिली सात वर्षं एकाही कामगाराला मंजुरी मिळाली नाही! १९७४ ला अटी सैल झाल्या. तरी नोकरी परदेशी स्पर्धेमुळेच गेली, हे ठरल्याशिवाय पैसा नाही, ही मूळ गोम तशीच राहिली. अर्ज तीन कामगार मिळून करू शकत, किंवा युनियन, मालक, राज्य सरकार. मग कामगार खात्याचा तपासनीस कंपनीकडून विक्रीचे आकडे मागवणार, गरज पडली तर तिच्या गिऱ्हाइकांना विचारणार की तुम्ही परदेशी माल घ्यायला लागलात का. हे सगळं चालू असताना घराचा हप्ता थांबतो का? यंत्रमानव आल्यामुळे काम गेलेल्याला तर या योजनेतून काहीच नाही, घरातली चूल दोघांचीही सारखीच विझलेली असली तरी.

डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला आणि या योजनेची खरी परीक्षा सुरू झाली. नॉर्थ कॅरोलिनातलं कॅनापोलिस हे चादरी-टॉवेलच्या गिरणीवर उभं राहिलेलं गाव. ३० जुलै २००३ ला ही गिरणी चालवणारी पिलोटेक्स कंपनी बंद झाली आणि त्या परिसरातल्या ४,००० हून अधिक लोकांचं काम एका दिवसात गेलं. त्यांतले बरेच जण शाळा अर्धवट सोडून गिरणीत लागलेले. पन्नाशीच्या माणसाला सांगितलं गेलं की आधी शाळेची परीक्षा दे, मग नवं कौशल्य शिक. अनेकांनी जिद्दीने ते केलंही, आणि त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण ज्या भागातला मोठा उद्योगच गेला, तिथे नव्या प्रमाणपत्राला नोकरी द्यायला कोण शिल्लक असतं? ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या अर्थतज्ज्ञांना चिनी आयातीचा मार बसलेल्या भागांत दिसलं की लोकांपर्यंत अपंगत्व भत्त्याचा पैसा कितीतरी जास्त पोचला, या योजनेचा अगदी किरकोळ. ज्या कामासाठी योजना काढली, ते काम दुसरीच खाती करत होती.

प्रशिक्षणाचा उपयोग होतो की नाही, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. २०१२ च्या मोठ्या सरकारी मूल्यमापनात निकाल निराशाजनक आला, नंतरच्या एका अभ्यासात चांगला. तो वाद चालू राहो.

माझा भरवसा आहे तो याच योजनेच्या एका कोपऱ्यातल्या तरतुदीवर, वेतन विम्यावर. पन्नाशी ओलांडलेल्या कामगाराने कमी पगाराची नोकरी धरली, तर जुन्या आणि नव्या पगारातला निम्मा फरक सरकार भरून देई, दोन वर्षांत जास्तीत जास्त १०,००० डॉलर. मुख्य अट ही की नवा पगार वर्षाला ५०,००० डॉलरच्या आत हवा. म्हणजे आधी ४०,००० मिळत होते आणि आता ३०,००० मिळताहेत, तर वर्षाला ५,००० हातात. वर्गात बसायची सक्ती नाही. माणूस लवकर कामाला लागतो, आणि या तरतुदीच्या अभ्यासातही तेच दिसलं: नोकरी मिळण्याचं प्रमाण वाढलं, कमाईही वाढली.

आता शुल्काचा हिशेब बघा. २०१८ मध्ये परदेशी वॉशिंग मशीनवर शुल्क बसलं. त्यातून सुमारे १,८०० नोकऱ्या तयार झाल्या, आणि अर्थतज्ज्ञांच्या अंदाजानुसार एकेका नोकरीमागे ग्राहकांच्या खिशातून वर्षाला सुमारे ८ लाख १५ हजार डॉलर गेले. त्या नोकऱ्याही जुन्या, घरी बसलेल्या कामगारालाच मिळतील याची काही खात्री नाही. एवढा पैसा ग्राहकांकडून निघू शकतो, तर माणशी १०,००० डॉलरची तरतूद परवडत नाही, हे मला कुणी पटवून देऊ शकणार नाही.

योजना पुन्हा आणायची तर जशीच्या तशी आणू नये. नोकरी कशामुळे गेली, याचा तपास काढून टाकावा. वेतन विमा पन्नाशीच्या आतल्यांनाही मिळावा, आणि कमाल रक्कम महागाईबरोबर वाढावी. २००२ च्या कायद्याने ठरवलेले १०,००० मध्ये २००९ च्या कायद्याने थोडा काळ १२,००० झाले, पण शेवटी पुन्हा १०,०००च उरले होते.